गादीत रुतलेलं शिंग

आधीच सांगते, भूतखेत, बाधा, करणी असलं काही कोणी बोललं की सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचे. म्हणून इथे लिहायला संकोच वाटतोय... पण लिहिते.

२०१६ साल. आम्ही परदेशात, अप्पर हट नावाच्या गावी राहायचो. माझा नवरा मंदार शुद्ध शाकाहारी घरातला, पण ऑफिसातल्या ब्रेटच्या नादाने शिकारीला जायला लागला. एप्रिलमध्ये तान्ह्या ईराला माझ्यावर सोपवून साहेब गेले ते हरणाची कवटी शिंगांसकट घेऊन आले! माझ्या बासुंदीच्या पातेल्यात ती उकळली, पेरॉक्साइड लावून पांढरी केली, लाकडी फळीवर बसवून लाउंजमध्ये टांगली. वर मलाच सूचना — ऊन लागू देऊ नकोस, हीट पंपचा गरम झोत नको, शिंगं तडकतील. आमच्या देवघराची एवढी बडदास्त नव्हती.

खालीच ईराची गादी. मी जागा बदल म्हटलं, तर म्हणे, "अगं, शिंग आणि कवटी एकच हाड आहे. पडणार कसं?"

ऑक्टोबरातली दुपार. ईराला झोपवायला आणलं, तर उजवं शिंग टोकाने गादीत रुतलेलं. तिचं डोकं असतं, बरोबर तिथेच. कवटी मात्र भिंतीवर जशीच्या तशी होती.

मंदारने ब्रेटला बोलावलं. त्याने शिंगाचं बूड निरखून पाहिलं. "तुटलेलं नाही हे, मित्रा. जिवंत हरीण दर वर्षी शिंगं टाकतं, तसं टाकलंय." मग कवटीवरच्या त्या जागी त्याने बोट लावलं. बोट ओलं झालं... लाल.

मंदार म्हणाला, "ग्लूने चिकटवू या."

मी भडकलेच. "माझं बाळ याच्याखाली झोपणार नाही! आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ!"

ब्रेट सगळं निमूटपणे घेऊन गेला. दुसरं शिंग वाटेत त्याच्या गाडीतच पडलं, असं त्याने नंतर सांगितलं.

डिसेंबरात त्याच्याकडे बार्बेक्यू होता. शेडमध्ये ती फळी दिसली, वर जुना टॉवेल. मला राहवेना. ईराला कडेवर घेऊन मी टॉवेलवरून हात फिरवला. खाली दोन उंचवटे लागले — मऊ आणि कोमट.

ब्रेट मागे कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही. "नवी शिंगं अशीच मऊ फुटतात," तो हळूच म्हणाला. "पण जिवंत हरणांना."

ईरा वाकून टॉवेलकडे हात नेत होती. तो मी झटकन धरला आणि तिला छातीशी कवटाळून थेट गाडीत जाऊन बसले.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मंदारने बरीच कारणं शोधली, त्यातलं एकही त्याला स्वतःलाच पटलं नाही. त्यानंतर तो शिकारीला गेलेला नाही... आणि का, ते मी कधी विचारलं नाही.