नानांचं वय काढायचं नाही

म्हाताऱ्यांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. सिंकखालच्या कपाटात दह्याचे रिकामे डबे साठतात तसे ते साठतात. टाकायला जिवावर येतं, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर.

माझ्याकडचा साठा अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळातला आहे. तिथे मी साउंड सांभाळतो. तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडल्यापासून मला दुसरी कुठलीही जबाबदारी द्यायची कुणाची हिंमत होत नाही. माइक हीसुद्धा जबाबदारी असते, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष नाना. वय एक्याऐंशी. इथे मराठी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा त्यांनी मंडळ काढलं, आणि तेव्हापासून तेच अध्यक्ष. निवडणूक दरवर्षी होते. म्हणजे माझे बाबा, जे सेक्रेटरी आहेत, ते विचारतात, "नानाच ना?" आणि लोक टाळ्या वाजवतात. याला बिनविरोध म्हणतात.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं वर्ष होतं. देशाचा अध्यक्ष म्हातारा असावा का, यावर आमच्याकडे डबे आणून जेवायच्या प्रत्येक पॉटलकमध्ये आमटीचे डाव आपटले गेले. आमच्या स्वतःच्या अध्यक्षांबद्दल मात्र एक अक्षर नाही. नानांचं वय काढायचं नाही हा मंडळाच्या घटनेत न लिहिलेला एकमेव नियम, आणि पाळला जाणाराही तोच.

*

बोरकर काका नागपूरचे. आयटीतून रिटायर झालेत, आता मंडळाचे खजिनदार. मत कुठल्याही विषयावर तयार.

मी एकदा म्हटलं, "काका, या देशात राष्ट्राध्यक्ष व्हायला पस्तीस पूर्ण लागतात. वरची मर्यादा नाही. असं का?"

"पस्तीसच्या आत माणसाले अक्कल नसते ना बाप्पा," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी चोवीसचा.

"आणि ऐंशीनंतर?"

"तेव्हा अनुभव राहते."

"मग तुम्हाला कंपनीने एकसष्टाव्या वर्षी केक कापून घरी का पाठवलं?"

काका जराही डगमगले नाहीत. "ते कंपनी होती बे. तिथे काम राहते."

*

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात नानांनी स्वागताच्या भाषणाचं पहिलं पान वाचलं. मग पान उलटलं, आणि परत पहिलंच पान वाचलं. दुसऱ्या वेळेला टाळ्या जास्त पडल्या. आपण नीट ऐकलं नव्हतं अशी लोकांना शंका आली असावी.

त्यानंतर बाबांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ तन्मय, यापुढे मी कान खाजवला की माइक बंद करायचा. हळूच."

"म्हणजे नानांना गप्प करायचं?"

"गप्प नाही करायचं. त्यांचा मान राखायचा."

मान राखायची ही पद्धत मला नवीन होती. पण साउंडवाल्याने प्रश्न विचारायचे नसतात. पुढच्या कार्यक्रमात नाना सुरुवातीच्या दिवसांच्या आठवणींत शिरले, एअरपोर्टवरून कुणाकुणाला आणलं, कुणाला आपल्या बेसमेंटमध्ये ठेवलं. तोच किस्सा दुसऱ्यांदा सुरू झाला तसा बाबांनी कान खाजवला. मी माइक बंद केला.

नाना थांबलेच नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी ते इंजिनीअरिंगला शिकवायचे, शेवटच्या बाकावरची पोरं उठवायची सवय त्या आवाजाला अजून आहे. किस्सा शेवटपर्यंत झाला, भिंतीला लावलेल्या तोरणासकट सगळ्यांनी ऐकला. मग माइककडे बघून ते म्हणाले, "बॅटरी गेली वाटतं. हल्लीची मुलं चार्ज करत नाहीत."

बाबांनी परत कान खाजवला. या वेळेला खरंच खाजत होतं.

*

टीव्हीवर वयस्कर उमेदवारांची बाजू घेण्यात नाना सगळ्यांच्या पुढे. "शरीर थकतं, बुद्धी थकत नाही," हे त्यांचं वाक्य. पुढे सात-आठ मोठ्या माणसांची उदाहरणं यायची, त्यातली निम्मी स्वतःचीच.

मेमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मुलगा लांब कॅलिफोर्नियात, म्हणून मी आणि त्यांची बायको, माई, त्यांना घेऊन गेलो. सर्जन आले. पांढरेशुभ्र केस, किंचित वाकलेले, हसरे. आपली ओळख करून देऊन गेले.

नाना माझ्या कानाशी आले. "यांच्याकडे कुणी तरुण नाही का रे?"

"नाना, अनुभव बघा की त्यांचा."

"अनुभव डोक्यात असतो," नाना म्हणाले. "सुरी हातात असते."

*

उन्हाळ्यात उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादविवादाला सगळे नानांच्या घरी जमले. मधेच एका उमेदवाराच्या वाक्याचा धागा सुटला. कोणत्या, ते सांगत नाही, मला परत तीच भांडणं नको आहेत. बोलता बोलता तो थांबला, नजर कुठेतरी गेली, आणि परत आला तो भलत्याच विषयावर.

चिवड्याच्या वाट्या हातात तशाच. सगळे टीव्हीकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. दुसरीकडे नाना बसले होते.

शेवटी नानाच बोलले. "अरे, याला कुणी सांगत कसं नाही? एवढी माणसं आहेत भोवती, काय करतात? याची बायको काय करते?"

"चहा करते," माई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

*

आता गणपती. शाळेचा हॉल बुक करायचं काम नानांचं, कारण ते काम ते कुणाला देत नाहीत. या वर्षी त्यांनी सात सप्टेंबर मागितला, आणि तारीख आपल्याकडच्यासारखी लिहिली. आधी दिवस, मग महिना. चाळीस वर्षं या देशात काढून, हजार वेळा इथली उलटी, आधी महिन्याची तारीख लिहून, हात परत जुन्या वळणावर गेला.

जुलैच्या नऊ तारखेला शाळेच्या केअरटेकरचा बाबांना ऑफिसात फोन. एसी लावलाय, टेबलं मांडली आहेत, तुमची माणसं कुठे आहेत?

तोपर्यंत सप्टेंबरचे सगळे शनिवार दुसऱ्यांनी घेतलेले. मग गणपती बसले शुभदा काकूंच्या गराजमध्ये. शुभदा काकू म्हणजे मंडळाच्या उपाध्यक्षा. वय बावन्न, म्हणून त्यांना सगळे 'तरुण रक्त' म्हणतात आणि सगळी कामं त्यांच्यावर टाकतात. लॉनमोअर एका कोपऱ्यात, बाप्पा दुसऱ्यात, आणि मोदकांची रांग ड्राइव्हवेवरून थेट मेलबॉक्सपर्यंत.

समोरच्या घरातली अमेरिकन बाई आली. तिला वाटलं गराज सेल आहे, घरातलं जुनं सामान विकायला काढलंय. तिने समई उचलून पाहिली, आवडली, आणि कितीला देणार ते विचारलं.

शुभदा काकू पहाटे चारपासून उभ्या होत्या. त्यांनी समई तिच्या हातातून घेतली, जागेवर ठेवली आणि गोड हसून नानांकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा. ते अध्यक्ष आहेत."

नानांनी त्या बाईला बसवलं, मोदक खायला घातला आणि गणपतीची अख्खी गोष्ट सांगितली. दोनदा. तिला दोन्ही वेळा आवडली.

*

ऑक्टोबरात आमच्या स्वयंपाकघरात गुप्त बैठक झाली. बाबा, बोरकर काका, शुभदा काकू. मी फक्त फ्रिजमधून काहीतरी काढायला गेलो होतो.

नानांनी आता थांबायला हवं यावर एकमत व्हायला अर्धं मिनिट लागलं. त्यांना हे सांगायचं कुणी, यावर दीड तास गेला.

"मी नाही," बाबा म्हणाले. "मला त्यांनी एअरपोर्टवरून आणलंय."

"मले तर बेसमेंटात ठेवलं होतं," बोरकर काका म्हणाले.

"मी अध्यक्षपदाला उभी राहीन," शुभदा काकू म्हणाल्या. "पण त्यांना दुखवून नाही. माझ्या पोरीच्या बारशाला नाव त्यांनी सुचवलंय."

म्हणजे माणसाने आयुष्यभर लोकांचं भलं करायचं, आणि त्याच कारणाने शेवटी त्याला खरं सांगायला कुणी उरायचं नाही. माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "टीव्हीवरच्या माणसाला एवढ्या शिव्या घालता ना, त्याच्या भोवतीची माणसं कशी असतील याचा विचार करत होतो. आज दिसली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं लाज वाटली असेल.

"यालेच सांगू दे," बोरकर काका म्हणाले. "याचं तसंही नाव खराबच आहे."

ठराव मंजूर.

*

मतदान सुरू झालं होतं, तारखेच्या आधीही जाऊन मत देता येतं इथे. नानांना घेऊन मी लायब्ररीतल्या मतदान केंद्रावर गेलो. जाताना सांगायचं ठरवलं होतं. नाही जमलं. रांगेत सांगायचं ठरवलं. रांगेत माणसं होती. इतरांना भेकड म्हणणं फार सोपं असतं, एवढं रांगेत कळलं.

आम्ही दोघांनी मत दिलं. परत गाडीत बसलो. नानांनी मतदानाचा स्टिकर काळजीपूर्वक स्वेटरला लावला, आणि विचारलं, "तू वय बघून मत दिलंस का?"

"हो. खोटं कशाला बोलू?"

"मीही," नाना म्हणाले.

गाडी सिग्नलला थांबली. आता बोललं नाही तर जमणार नाही. तेवढ्यात तेच म्हणाले, "तन्मय, एक विचारू? आपल्या मंडळात सोडण्याचा अनुभव असलेला तू एकटाच."

कॉलेजवरून टोमणे मी तीन वर्षं खातोय. पण हा टोमणा नव्हता.

"तू कॉलेज सोडलंस, त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी काय केलंस?"

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. का सोडलंस, आता काय करणार, आईबापाचा विचार केलास का, हे सगळ्यांनी विचारलं. सोमवारचं कुणी नाही.

"झोपलो," मी म्हटलं. "अकरापर्यंत."

"भीती नाही वाटली?"

"दुपारी वाटली. सकाळी मस्त वाटलं."

सिग्नल हिरवा झाला. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

घरी बाबा दारातच. "सांगितलंस?"

"बोलणं झालं."

"काय म्हणाले?"

"सोमवारबद्दल विचारत होते."

बाबांनी उसासा टाकला. "विसरतात रे हल्ली. डिसेंबरातली मीटिंग रविवारी आहे."

*

डिसेंबरातल्या त्या रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जनरल बॉडी भरली. मला मत नाही. विद्यार्थी सभासदत्व कॉलेजबरोबर संपलं, आणि मोठ्यांचं मी काढलेलं नाही. मी आपला माइकपाशी.

बाबांनी सवयीने विचारलं, "नानाच ना?" टाळ्यांसाठी हात उठले, तेवढ्यात मागून आवाज आला, "शुभदाताईंचं नाव सुचवतो." बोरकर काका. बटाटेवड्याची प्लेट तोंडासमोर धरून. कुणीतरी त्याहून हळू आवाजात अनुमोदन दिलं.

मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा दोन नावं. म्हणजे हात वर करून मतदान. बाबांना घाम फुटला. नाना पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून.

मला दोनच गोष्टींची भीती होती. एक, की सगळे मिळून त्या माणसाला त्याच्याच मंडळातून त्याच्या तोंडावर हाकलतील. दुसरी, की कुणीच हाकलणार नाही, आणि पुढच्या पाडव्याला मी परत बाबांच्या कानाकडे बघत बसेन.

"शुभदाताईंच्या बाजूने कोण कोण?" बाबांनी विचारलं.

एकही हात नाही. लोक फोन बघतायत, वडा बघतायत, बूट बघतायत. सुचवणारे बोरकर काकासुद्धा प्लेटच्या मागे. शुभदा काकूंनी मान खाली घातली.

मग पहिल्या रांगेत काठी खुर्चीला टेकवल्याचा आवाज आला, आणि नानांचा हात वर गेला.

बाबा माइक हातात घेऊनच खाली वाकले. हळू, प्रेमाने, लहान मुलाला सांगतात तसं म्हणाले, "नाना, हे शुभदाताईंचं चाललंय. तुमचं नंतर आहे."

आणि त्यांनी कान खाजवला.

मी माइक चालूच ठेवला.

"अरुण, मला ऐकू येतं," नाना बाबांना म्हणाले. सगळ्या हॉलला ऐकू आलं. "हात दुखतोय. मोज."

आधी माईंचा हात वर गेला. मग मागून एक, डावीकडून चार, आणि मग बाबांनी मोजणं सोडून दिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. माई.

"अरे तन्मय, अकरा वाजून गेले. हे अजून अंथरुणात आहेत. मस्त घोरतायत. उठवायला गेले तर म्हणतात, तन्मयला विचार. तू काय सांगितलंयस यांना?"