सासूबाईंची चाळणी

माझ्या सासूबाईंना न तपासलेली वस्तू खपवू शकेल असा दुकानदार पेणपासून रोह्यापर्यंत अजून जन्माला आलेला नाही. एक जन्मला होता. पण सासूबाई तिसऱ्यांदा दुकानाची पायरी चढताना दिसल्यावर त्याने शटर ओढून घेतले आणि आता तो म्हणे मुलाकडे सुरतेला असतो. मिक्सर घ्यायला जाताना सासूबाई घरचे भिजवलेले तांदूळ बरोबर नेतात, चार दुकानांत चार वाट्या वाटून बघतात आणि "विचार करून सांगते" म्हणत आंबोळ्यांचे तयार पीठ घेऊन घरी येतात. सोफा बघायला गेल्या तेव्हा त्या त्याच्यावर आडव्या झाल्या आणि पाऊण तास चक्क झोपल्या. जाग आल्यावर मालकाला म्हणाल्या, "मान आखडली. दुसरा दाखवा." मालकाने दुसरा दाखवला आणि पंखाही बंद केला.

माझीही चाचणी झालेली आहे. मुलगी बघायला मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझ्यापुढे पोह्यांची बशी येण्याऐवजी एक अख्खा फणस आणि कोयता आला. मी बँकेतला कारकून. फणस उभा चिरतात की आडवा, एवढेही मला ठाऊक नव्हते. अर्ध्या तासाने मी, माझा शर्ट आणि फणसाचा चीक असे तिघे एकजीव झालो असताना सासूबाई आत जाऊन मुलीला म्हणाल्या, आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "कर गो ह्याच्याशी लगीन. येत काय नाय, पण सोडून पळाला पण नाय."

तर अशा या बाईंवर एक दिवस पोकलेनसाठी चाळणी निवडायची वेळ आली. सासरे गेले तेव्हा मागे खोदकामाचा एक पिवळा पोकलेन ठेवून गेले होते. विकून टाका, असे सगळ्या नातेवाइकांनी सांगितले. सासूबाईंनी नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावले आणि मशीन ठेवून घेतले. ते चालवायला उस्मानभाई होते. तेही अष्टमीचेच, वीस वर्षे कुवेतच्या वाळूत मशीन चालवून परत आलेले. दोघांनी मिळून रोह्याच्या आसपासची शेते सपाट केली, विहिरी खणल्या. आणि मग या वर्षी सासूबाईंच्या माहेरच्या फुटक्या बांधाची पाळी आली.

त्यांचे माहेर पेणच्या खाडीकाठचे. तिथली भातशेती खाडीच्या पाण्यापासून राखायला मातीचा लांबलचक बांध आहे. त्याला खांड, म्हणजे भगदाड, पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि ते वर्ष भाताला मुकावे लागते. मागच्या वर्षी गावाने खांड बुजवली, पण मातीत दगड होते. दगडांच्या कडेने पाणी झिरपत राहिले, बांध पुन्हा फुटला आणि गावाने वर्षभर विकतचे तांदूळ खाल्ले. आता वैशाखातली अमावस्या अकरा दिवसांवर आली होती. अमावस्येला मोठे उधाण येते. त्याआधी बांध बांधायचा, आणि बांधायचा तो दगड काढलेल्या मातीने, असे ठरले. काम अर्थातच गावच्या लेकीकडे आले. माती होती टेकडीखालच्या तळ्याच्या उपशाची. चिकट, ओली आणि दगडांनी गच्च भरलेली. असली माती हाताने चाळायची तर अमावस्या पुढच्या वर्षीची धरावी लागली असती. म्हणून पोकलेनच्या हाताला लावायची चाळणीची बकेट घ्यायची ठरली.

पेणच्या रामवाडीत अशी अवजारे विकणारे एक दुकान आहे. सासूबाईंनी बरोबर काय काय घेतले ते सांगतो : उस्मानभाई, मी, आणि माहेरच्या मातीची तीन पोती. उस्मानभाईंची कंबर कुवेतला दुखावलेली, त्यामुळे पोती जावयाने उचलली. विक्रेता चाळिशीचा, कडक इस्त्रीचा, फार सभ्य माणूस होता. त्याने आम्हाला थंडगार ऑफिसात बसवले आणि पडद्यावर एक फिल्म लावली. तिच्यात निळ्या आभाळाखाली एक चाळणी कोरडी, भुरभुरीत माती चाळत होती. मागे संगीत चालू होते. सासूबाईंनी शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाल्या, "छान हाय. पण ही माती आमची नाय. आमची बाहेर पोत्यात हाय."

"मॅडम, आधी जाळी किती मिलिमीटरची हवी ते सांगा," विक्रेता म्हणाला.

सासूबाईंनी पिशवीतून नातीची, म्हणजे माझ्या मुलीची, बाळपणीची बांगडी काढून टेबलावर ठेवली. "ह्यातून जो दगड जाईल तो चालेल. जो नाय जाणार तो वरती राहिला पायजे."

त्या गृहस्थाने आपल्या नोकरीत पुष्कळ काही मोजले असेल, पण बांगडीला पट्टी त्याने बहुधा पहिल्यांदाच लावली.

मग तालमी सुरू झाल्या. पहिली होती साधी, नुसत्या गजांची बकेट. तिला दुकानाच्या मशीनवर हलवून हलवून चालवणारा थकला, माती गजांना धरून बसली ती बसलीच. दुसरी म्हणजे गरगर फिरणारे पिंप. ती कोरड्या मातीला उत्तम असावी. आमची ओली माती आत गेली आणि पाच मिनिटांनी बाहेर आले ते गोल, गुळगुळीत, एकसारखे गोळे. सासूबाईंनी एक हातात घेऊन निरखला. "लाडू चांगले वळते," त्या म्हणाल्या. "दिवाळीला बघू."

तिसऱ्या बकेटीच्या तळाशी दातेरी चकत्यांचे आडवे रूळ होते. ते फिरले की माती फुटून खाली पडे आणि दगड वर नाचत राहत. माती पडली. मला वाटले, सुटलो. पण सासूबाईंनी तिसऱ्या पोत्यात जाणूनबुजून जास्त पाणी घालून आणले होते. तेही पार पडले. तेव्हा उस्मानभाई हळूच म्हणाले, "भाभी, बकेट झकास हाय. पण आपल्या मशीनला हिला फिरवायला तेवढा तेलाचा जोर हाय काय? आपली मशीन म्हातारी हाय."

झाले. सासूबाई उठल्या. "आमच्या मशीनला लावून बघितल्याशिवाय नाय घेणार."

पुढचे सहा दिवस सासूबाई विक्रेत्याला फोन करत होत्या आणि त्यांचा भाऊ, म्हणजे बायकोचे मामा, त्यांना फोन करत होता. "गो ताय," मामा ओरडायचे ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचे, "उधान तुझे चाळनीसाठी थांबनार नाय!" सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "मागच्या वर्षी घाई केलीत ना? मग काय खाल्लंत?" मामा फोन ठेवून द्यायचे. मी मात्र घाबरलो होतो. बायकोला म्हणालो, तुझ्या आईच्या हट्टापायी सगळ्या गावाची शेती जाईल. बायकोने कॅलेंडर काढून अमावस्येपर्यंतचे दिवस मोजले, म्हणजे तिलाही तेच वाटत होते.

अखेर विक्रेता शरण आला. टेम्पोत बकेट घालून तो थेट खाडीकाठी उतरला, चकचकीत बुटांसकट गुडघाभर चिखलात रुतला आणि मामांनी त्याला ओढून काढले तेव्हा एक बूट खाडीने ठेवून घेतला. सासूबाईंनी त्याला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. बकेट जोडली गेली. म्हातारे मशीन आधी कण्हले, मग उस्मानभाईंनी कुवेती युक्तीने त्याला जरा धीम्या चालीवर आणले आणि रूळ फिरायला लागले. विक्रेता एका बुटावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. सासूबाईंनी दिवसभर बघितले, संध्याकाळी म्हणाल्या, "ठेवा."

उरलेल्या चार दिवसांत उस्मानभाईंनी खांड बुजवली.

अमावस्येला भर दुपारी पाणी चढले. सगळा गाव बांधावर. सासूबाई मात्र आतल्या बाजूला, शेतात उतरल्या होत्या. अनवाणी पायांनी बांधाच्या बुडाशी एकेक पाऊल दाबत चालत होत्या, अंगठ्याने माती चाचपत. बांधापलीकडे पाणी त्यांच्या डोक्याच्याही वर उभे होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "कोरडी हाय." मामा आपल्या बहिणीच्या पाया पडले. ती त्यांच्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी आहे.

गाव जेवायला गेला. मी आणि सासूबाई बांधावर बसून राहिलो.

"जावई, खरं सांगा. मी फार घोळ घालते काय हो?"

"नाही हो," मी म्हणालो.

"खोटं बोलता. पण चांगलं बोलता." मग त्या पाण्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांनी मला कुठं बघितलं ठाव हाय? एका लग्नात. मी पंगतीत भात वाढत होते. जेवून उठले नि बापाला सांगितलं, हीच करायची. नाव नाय विचारलं, गाव नाय विचारलं. हे सगळं मला लग्नानंतर नणंदेनं सांगितलं."

त्यांनी पायाची माती झटकली.

"तेहतीस वर्षं संसार केला. एवढं सगळं विचारत बसते मी जगाला, पण ह्यांना विचारायचं राहिलंच. काय बघितलं असेल हो, भात वाढताना?"

त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि ओहोटी लागेपर्यंत आम्ही दोघे तिथेच बसून होतो.