हाजराबींचा थाळा

राजिवड्याच्या हाजराबींची मुलं कुवेतला. रिकाम्या घरात त्यांनी चार निराधार म्हाताऱ्यांना ठेवून घेतलं आणि २००३ मध्ये वृद्धाश्रमाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तपासणीला साहेब आले, तेव्हा सगळे घरच्या रीतीने एकाच मोठ्या थाळ्यात जेवत होते.

"प्रत्येकाला वेगळं ताट हवं. त्याशिवाय परवाना नाही."

हाजराबींनी ताटं मांडली. त्या चौघांतल्या जाईबाईंनी आपलं ताट दूर सारलं. "साहेब, जात बघून जन्मभर मला लोकांनी वेगळंच वाढलं. या बयेने जवळ बसवलं. आता पुन्हा बाजूला होऊ?"

हाजराबींनी सगळी ताटं उचलली. "राहू द्या तुमचा परवाना, भाई."

साहेबांनी थाळ्याकडे पाहिलं. एकाच भातात सगळे सुरकुतलेले हात, आणि जाईबाईंपुढे कुणीतरी तळलेल्या बांगड्याचा तुकडा सरकवत होतं.

"ताटं घरात आहेत ना? मग झालं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी सही केली.