बावीस पायऱ्यांखालचा डबा

"हात नको भाऊ, वाट द्या."

ताईंचं हे वाक्य आमच्या कंपनीतल्या प्रत्येक उत्साही माणसाने एकदा तरी ऐकलेलं आहे. चार चाकांची ती स्कूटी फाटकाशी थांबायची, ताई मागे बांधलेल्या दोन्ही कुबड्या सोडायच्या, आणि आपला हात नकळत पुढे व्हायचा. लगेच हे वाक्य. रागाने नाही, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा इतक्या साध्या सुरात. आपण गुमान बाजूला व्हायचं. मी वयाने मोठा, पण मीही झालो.

जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी. मी गोदामात, ताई तळमजल्याच्या टोकाला उगवण तपासायच्या खोलीत. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे ओळीने मांडायचे, कागदाच्या गुंडाळ्या करून ठेवायच्या, आणि ठरल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा मांडायला बसलो तर साठाव्या दाण्याला माझी मान अवघडली. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पोतीच मोजा. तुमचा हात त्याला बराबर आहे."

त्या कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या. पोलिओने दोन्ही पाय लहानपणीच गेले. चौथीपर्यंत आईने कडेवर शाळेत नेलं. पुढे आईच्याने उचलेना, तेव्हा ही पोरगी हातांवर सरकत जायला लागली. लोक आईला म्हणायचे, कशाला त्या लेकराचे हाल करता? आई ताईंना म्हणायची, "शीक बाई. शिकलीस तर चारचौघांत बसशील. न्हाई तर जन्मभर ओसरीवर एकटी बसून राहशील."

हे ताईंनी मला एवढ्या वेळा सांगितलंय की त्या माउलीचा आवाज मी ऐकल्यासारखा वाटतो. नोकरी, पगार, साहेबपण असलं काही ताईंच्या तोंडी कधी आलं नाही. त्यांना फक्त चारचौघांत बसायचं होतं, आणि शिक्षण म्हणजे तिथवर जायची वाट, अशी त्यांची पक्की समजूत.

बारावी करून त्या आमच्याकडे रोजंदारीवर बी निवडायला आल्या. मग तपासणीच्या खोलीत मदतनीस. तिथे बसून मुक्त विद्यापीठाची शेतीची पदवी केली. एका बाजूला कपाशीच्या गुंडाळ्या, दुसऱ्या बाजूला पुस्तक. कानामागे पेन्सिल. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. मी आपला धीर द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "दोन गेले, बाकीचे उगवले की! परत पेरते." पुढल्या परीक्षेत ते दोन्ही काढले.

कामात मात्र भलत्या कडक. एकदा दोन दाण्यांनी बियाण्याचा एक लॉट, म्हणजे अख्खी खेप, नापास झाला. साहेब स्वतः खाली आले, गोड बोलले, म्हणाले, ताई, पुन्हा एकदा नीट मोजा ना. ताईंनी तीनदा मोजलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "साहेब, न्हाई उगवलं ते न्हाई उगवलं. मी काय आता फुंकर मारू?" साहेब जिना चढून गेले. आम्ही गोदामात तोंडात रुमाल कोंबून हसलो.

आता या जिन्याचं सांगतो. आमचं कॅन्टीन वरच्या मजल्यावर. बाहेरून लोखंडी जिना, उभा, अरुंद, बावीस पायऱ्यांचा. दुपारी भोंगा झाला की हमाल, बाया, कारकून, सगळे धडधडत वर. पहिल्या दिवशी ताईंना कोणीतरी विचारलं होतं, येता ना जेवायला? त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, येते मंग मी."

आम्ही पुढे झालो. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही रोज पुढेच होत राहिलो.

खोटं कशाला बोलू, आमच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट ताईंचा केवढा अभिमान! पाहुणे आले की आधी त्यांची खोली दाखवायची. पण जेवणाचं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं की ताईंना खालीच आवडतं, त्यांना त्या रोपांना सोडून करमत नाही. अहो, जेवायच्या वेळी रोपांना सोडून कोणाला करमत नाही? पण माणूस आपल्या सोयीचं लगेच खरं मानतो. तुम्हीही असं कोणाबद्दल तरी ठरवून टाकलं असेल, आठवून बघा.

ताईंची शेंगदाण्याची चटणी मात्र रोज वर यायची. जाताना मी खिडकीतून डबी घ्यायचो, येताना रिकामी द्यायचो. "संपली का?" "चाटूनपुसून, ताई." त्या खूश व्हायच्या. पदवीचे पेढेही मीच वर नेले. त्यांची चटणी अकरा वर्षं आमच्या पंगतीत बसली, आणि माझ्या टाळक्यात एकदाही प्रकाश पडला नाही.

मग त्यांनी सरकारी परीक्षा दिली, पास झाल्या, परभणीची नेमणूक आली. निरोपाचा कार्यक्रम दणक्यात करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, हार, माइक, त्यांच्या फोटोचा फलक. सगळी तयारी मी केली. आणि कुठे केली? वर, कॅन्टीनमध्ये!

साहेब उभे राहिले, हार हातात घेतला आणि म्हणाले, "ताई कुठायत?"

ताई खालीच होत्या.

धावत खाली गेलो. मागोमाग चार हमाल आले, खुर्चीसकट उचलून नेतो म्हणाले. ताई म्हणाल्या, "मी काय पोतं हाये का? जा बाबांनो. चालू द्या तुमचा कार्यक्रम. माइक हाये ना, मला खाली ऐकू येतं."

आणि आम्ही खरोखर चालू दिला! आजही आठवलं की मला माझी लाज वाटते. सगळा कार्यक्रम उचलून खाली आणायला किती वेळ लागला असता? पण साहेबांना मीटिंग होती. जिद्दीवर चार भाषणं झाली. चौथं माझं.

टाळ्या झाल्यावर शाल-नारळ घेऊन मी खाली आलो. ताई डबा उघडून जेवत होत्या. म्हणाल्या, "चांगलं बोललात भाऊ. सगळं ऐकलं मी." मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, "बारावी झाली, पदवी झाली, ही परीक्षा बी झाली. चारचौघांत बसायला अजून किती शिकायचं असतं हो?"

शेजारी बसावं म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं, तर त्या खोलीत दुसरी खुर्चीच नव्हती. अकरा वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी उभ्यानेच शाल त्यांच्या खांद्यावर ठेवली.

त्यांच्या जागी आलेला माणूस जेवायला वर जातो. दुपारी ती खोली रिकामी असते. मी अधूनमधून जाऊन उभा राहतो, काम काही नसतं. परवा तिथूनच त्यांना फोन लावला.

"बरंय भाऊ. खोली मिळाली, पाणी जरा जड हाये."

"आणि जेवता कुठं?" मी विचारलं. हे विचारायलाच फोन केला होता.

त्या सांगणार तेवढ्यात मागून कोणा बाईचा आवाज आला, "अगं ए, येतीस का न्हाई? निवून राह्यलं सगळं!"

"आले गं, आले!" ताई ओरडल्या. एवढ्या मोकळ्या आवाजात ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग घाईघाईने मला म्हणाल्या, "ठेवते भाऊ. सगळ्या थांबल्यात माझ्यासाठी."

आमच्याकडे अकरा वर्षांत त्यांच्यासाठी जेवायचं कोणी थांबलं नव्हतं. मीही नाही.