चोराच्या घराण्यातली जोन

"मी चोराच्या घराण्यातली," अशी ओळख जोनने पहिल्याच भेटीत करून दिली. सिडनीजवळच्या पेंडल हिलमधल्या नव्या घरात आम्ही सामान उतरवत होतो आणि ही पांढऱ्या केसांची शेजारीण कुंपणावरून लिंबं पुढे करत होती.

चोर म्हणजे तिच्या खापरपणजीची आई, हॅना. इंग्लंडच्या एका गिरणीगावात थंडीच्या दिवसांत तिने तान्ह्या मुलीसाठी शाल चोरली. सात वर्षांची शिक्षा देऊन तिला जहाजाने सिडनीला धाडलं. छोटी एलन आजीपाशी राहिली. इथे हॅनाने लोकांची धुणी धुतली, पुढे एका सुटलेल्या कैद्याशी लग्न केलं. त्यांना मुलगी झाली, तिचंही नाव तिने एलनच ठेवलं. जोन तिला "आमची हॅना" म्हणायची, जणू ती मागच्याच गल्लीत राहत होती. "शिक्षा सात वर्षांची, पण सरकारने तिकीट एकाच बाजूचं काढलं," हे तर मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. मी हसायचे.

मग कोविड आला, सीमा बंद झाल्या आणि तिकडे साताऱ्यात माझी आई वारली. भावाने फोनवर दाखवलं तेवढंच मी पाहिलं. दुपारी जोन कुंपणापाशी आली. आईचं नाव काय, ती काय छान रांधायची, हेच विचारत राहिली. शेवटी म्हणाली, "आमच्या हॅनाला आई कधी गेली ते कळलंच नाही. तुला निदान कळलं. रडून घे."

त्यानंतरच्या हिवाळ्यात जोनलाच कोविड झाला. तिची एकुलती एक लेक केट पर्थला होती. देश एकच, पण राज्याची सीमा बंद. तिला येता येईना. हॉस्पिटलमधून जोनने मला फोन केला. तिला धाप लागत होती.

"केट स्वतःला दोष देत बसेल. तिला तू समजाव. तू यातून गेली आहेस."

त्याच आठवड्यात ती गेली.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मी फोन धरून उभी होते, फोनवर केट. शवपेटी खाली उतरवायच्या आधी ती म्हणाली, "माझ्या वतीने हात ठेवशील?"

मी हातमोजा काढला आणि तळवा लाकडावर टेकवला. थोड्या वेळाने उचलायला लागले, तेव्हा तिचा आवाज आला, "अजून जरा वेळ."

मी तशीच उभी राहिले.