पेन्सिलीने काढलेलं स्टेशन

मे महिन्याच्या सुट्टीत दादरला आत्याकडे गेले होते. तिथून एसटीने खाडी ओलांडताना पुलाच्या मध्यावर मी खिडकीतून जवळजवळ अर्धी बाहेर आले. शेजारीच पाण्यातून रेल्वेपुलाचे सिमेंटचे खांब वर येत होते, एकामागून एक, पार पलीकडच्या काठापर्यंत. अजून त्यांच्यावर काहीच नव्हतं. तराफ्यांवर माणसं चढत-उतरत होती. मी कृष्णेचा पूल पाहत वाढलेली बाई, पण समुद्राच्या पाण्यात कुणी असा हात घातलेला मी पाहिला नव्हता.

"बाई, डोकं आत घ्या," कंडक्टर म्हणाला. "रेल्वे आज नाय यायची."

वाशीला माझा धाकटा भाऊ दिनकर न्यायला आला होता. नव्या शहराच्या कचेरीत तो नकाशे काढतो. आधी त्याने मला कचेरीतच नेलं, कारण त्याला मला शहर दाखवायचं होतं आणि ते तिथे टेबलावर होतं. काडेपेटीएवढ्या इमारती, भुशाची हिरवी झाडं, निळ्या रंगाची खाडी आणि तिच्यावरून जाणारा रुळांचा काळा दोरा. मग खिडकीतून बाहेर पाहिलं तर तीच जागा उघडी पडलेली. भला रुंद डांबरी रस्ता आणि त्याच्या मधोमध एक म्हैस निवांत रवंथ करत बसलेली. एवढं सगळं माणसं आधी डोक्यात उभं करतात आणि मग जमिनीवर आणतात, या विचाराने मला भरून आलं. मी तसं बोललेही, आणि दिनकर लाजला.

तो राहतो त्या गावाकडे चालत निघालो. वाटभर आमची जुंपली. मी कराडच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे कायद्याची बाजू माझ्याकडे जन्माचीच.

"ताई, तू बघशील," तो म्हणाला, "उद्या ड्रायव्हरवाचून गाड्या पळतील. सात-बाराचा उतारा यंत्रातून निघेल. माणूस घरबसल्या बटण दाबून मत देईल. मग सरपंच कशाला नि तलाठी कशाला?"

"आणि यंत्र चुकलं तर दाद कुणाकडे मागायची? आधी कायदा, मग बटण."

"कायदा कायम मागून धापा टाकत येतो, ताई."

तेवढ्यात माझी चप्पल बांधाजवळच्या चिखलात रुतली आणि वाद तिथेच थांबला. आजूबाजूला खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन) पसरलं होतं. अनवाणीच गावात शिरले.

दिनकर हिराबाईंकडे भाड्याने राहतो. हिराबाई विधवा, घरात एकट्या, अंगणात सुकत घातलेला जवळा (बारीक कोळंबीसारखी मासळी) आणि राखायला एक काठी. त्यांनी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. कालवण इतकं तिखट की डोळ्यांत पाणी आलं, तरी मी मागून घेतलं. "खावा बाई, भाऊ तुमचा आमचाच हाय," त्या म्हणाल्या. दिनकर खाली मान घालून जेवत होता. त्याचं कारण मला संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी देवळात गावकी (सगळ्या घरांची बैठक) होती. गावाची शेतं सरकारने कधीच संपादन केली होती, पण गावठाण, म्हणजे घरांची जागा, अजून गावाची होती. खाडीच्या धक्क्यापासून रुळांच्या जागेपर्यंत खडीचे ट्रक न्यायला कचेरीला गावठाणातून रस्ता हवा होता. गाव हो म्हणालं तर कोर्टकचेरी टळणार होती. आणि तो रस्ता हिराबाईंच्या घरावरून जात होता. ती रेघ दिनकरच्याच हातची होती.

नकाशा देवीपुढे पसरला, शेजारी नारळ ठेवला, निर्णय पक्का झाला की फोडायचा. एकेका घराने आपलं म्हणणं सांगितलं. रस्ता पक्का होईल, पोरांना कामं मिळतील, हिराबाईंना पलीकडे नवं घर मिळेल. बोलले ते सगळे हो म्हणाले. दामू पाटलांनी, म्हणजे गावकीच्या म्होरक्यांनी, विचारलं, "अजून कोन हाय?" कुणीच बोललं नाही. आमच्या शाळेच्या सभेत याला ठराव मंजूर म्हणतात. मी मनात टाळी वाजवली आणि दिनकर नकाशा गुंडाळू लागला.

"थांब पोरा," पाटील म्हणाले. "हिराबाय बोलली नाय."

"पण त्यांनी हरकतही घेतली नाही," मी मध्ये तोंड घातलं.

"बाई, आमच्यात गप बसनं म्हंजे हो नसतं. घर बोललं नाय तवर देवीपुढं नारल फुटत नाय."

आणि सगळे थांबले. कुणी तंबाखू मळली, कुणी पोराला मांडीवर घेतलं, पण उठलं कुणी नाही. इतकी माणसं एका बाईच्या शब्दासाठी बसून राहिलेली मी कुठल्याच सभेत पाहिली नाहीत. पुलाचे खांब पाहून मी थक्क झाले होते, इथे त्याहून जास्त झाले.

शेवटी हिराबाईंनी दिनकरला विचारलं, "गारी हितं थांबंल का?"

गारी म्हणजे रेल्वेगाडी. दिनकर माझ्याकडे पाहू लागला. मग त्यांच्याकडे वळला.

"मावशी, खोटं नाही बोलत. नकाशात इथे स्टेशन नाही. गाडी पुढच्या वसाहतीत थांबेल."

"मंग माज्या घरावरून खडी जाईल, नि गारी मना बघून निस्ती निंगून जाईल? थांबत असंल तर घर घ्या. नायतर नाय."

पाटील म्हणाले, "आमच्या घराचा पन तोच शब्द." पाठोपाठ दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. मघाशी दिलेलं हो एकेका घराने परत घेतलं.

दिनकरने खिशातून पेन्सिल काढली आणि रुळांच्या काळ्या रेघेवर स्टेशनचा एक छोटा चौकोन काढला.

हिराबाई वाकून पाहू लागल्या. "ह्ये पुसतं ना?"

"हो."

"शाईनं काढ."

"मावशी, शाई माझ्या हातात नाही. ती साहेब भरतात."

"मंग सायबाला घेऊन ये. नारल हितंच हाय."

नारळ देवीपुढे तसाच राहिला. परतताना दिनकर म्हणाला की चौकोन पुसायचा नाही, साहेबांसमोर नकाशा तसाच ठेवायचा, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मी त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी एसटी पुन्हा पुलावर आली. उन्हात खांब आणखी वर चढल्यासारखे दिसत होते. या वेळी मी डोकं आत ठेवून पाहिलं. त्यांच्यावरून गाडी धावणार याबद्दल आता मला तिळमात्र शंका नाही. माणसं हे करून दाखवतील, बटणाची मतं आणि ड्रायव्हरवाचूनच्या गाड्याही आणतील. मी जगले-वाचले तर त्या गाडीत बसेनही. पण बसण्याआधी दिनकरला एकच विचारीन, तो नारळ फुटला का?