खजुराच्या डब्यातला रंग

शमीम मॅडमनी स्टाफरूममध्ये खजुराचा डबा आणून ठेवला, तेव्हा आम्ही सगळे त्यावर तुटून पडलो. माझा हात सगळ्यात पुढे. झाकण उघडलं, तर आत वाळू. आखातात टँकर चालवणाऱ्या भावानं सुट्टीवर येताना विचारलं होतं, काय आणू? अत्तर नको, ब्लँकेट नको, जिथं कुणी पाय ठेवला नसेल अशा वाळवंटातली मूठभर वाळू आण, असं या बाईंनी सांगितलं होतं. "खजूर घरी संपले," त्या म्हणाल्या, "खरा माल हा, सर."

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी व्हरांड्यापलीकडे रसायनशास्त्र. त्या वाळूतले जिवाणू त्यांनी काचेच्या बशीत वाढवले आणि जांभळ्या दिव्याखाली ठेवले. त्या दिव्याच्या किरणांनी साधे जंतू पटापट मरतात. दिवा बंद केला की बशी उजेडाला धरून बाई म्हणायच्या, "मेले ते मेले, उरले ते आपले." पुढं हे वाक्य त्या कशालाही लावत. प्राचार्यांचं भाषण संपेपर्यंत जागे राहिलेल्या आम्हा चौघांनाही एकदा त्यांनी ते लावलं.

एके दिवशी बशीत एक शेंदरी ठिपका उरला. बाई अक्षरशः नाचल्या. हा रंगच जिवाणूला किरणांपासून वाचवतो, मग माणसाच्या कातडीलाही तो उन्हापासून राखेल, असा त्यांचा होरा. संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेनं त्यांना याच कामासाठी बोलावलं, पण बाई हलेनात. त्यांचे अब्बा मुरुम गावचे जुने रंगारी. ओढण्या रंगवण्यात जन्म गेलेला. आंबा घ्यायचा असो की जावई बघायचा असो, त्यांचा निकाल एकच: कच्चा किंवा पक्का. आणि त्यांच्या तोंडून 'पक्का' ऐकायला मिळणं म्हणजे उंबराचं फूल. घरी ते एकटेच. आपल्या रंगाला अब्बांनी पक्का म्हटल्याशिवाय जायचं नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

मग त्यांनी तो रंग काढून कापडाला लावला आणि मुरुमच्या गच्चीवर वाळत घातला. आठवडाभरात कापड पांढरंफटक. "कच्चा," अब्बा फोनवर म्हणाले आणि पोट धरून हसले. मला वाटलं, बाई खचल्या असतील. दुसऱ्या दिवशी भेटल्या त्या हसतच. जिवंत जिवाणू रोज नवा रंग करतो, कापडावर कोण करणार, असं म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण रंग उडाला, म्हणजे ऊन त्यानंच खाल्लं ना, सर? मग त्याच्याखालचं वाचलं असेल."

त्यांनी अब्बांकडूनच एक गुलाबी ओढणी घेतली. तो गुलाबीही अब्बांच्या मते साफ कच्चा. तिच्या अर्ध्या भागावर शेंदरी हात दिला आणि ऐन उन्हाळ्यात ती गच्चीवर बांधली. शेंदरी विटला की पुन्हा हात. ओढणी उतरवायच्या दिवशी साक्षीदार म्हणून मला मुरुमला नेलं.

अब्बांनी गच्चीवरच ओढणी मांडीवर पसरली. अर्धी विटून गेलेली, अर्धी तशीच गुलाबी. शेवटच्या हाताचा शेंदरीही उडालेला. ते बराच वेळ कापड चाचपत राहिले. निकालाच्या दिवशी पोरी उभ्या राहतात, तशा बाई उभ्या. शेवटी अब्बा माझ्याकडं वळले.

"सर, ह्यो रंग न्हाय. आमच्या पोरीनं छत्री बनवली."

बाईंचा चेहरा उतरला. पक्का काही ते म्हणाले नव्हते. अब्बांनी ओढणीची नीट घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली.

"छत्री घरात ठिवून काय उपेग? जा, बेटा."

मला त्या दोघांचाही इतका हेवा वाटला की मी उगाच गच्चीवरून बाजार बघत राहिलो.

मॅडमच्या निरोपाला आम्ही त्यांना खजुराचा डबा दिला. त्यांनी घाईघाईनं उघडला. आत खरोखरच खजूर होते. बाई जराशा हिरमुसल्याच.